महालक्ष्मीला साडी नेसवणारी प्रेमिला

बेसा भागातल्या आमच्या इमारतीत प्रेमिला राहते. वय पन्नाशीच्या आसपास. नवरा केशव हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर आहे. भादव्यात घरोघरी महालक्ष्म्या बसतात तेव्हा सगळ्या बायका तिलाच बोलावतात. मुखवट्याखालच्या लोखंडी स्टँडवर साडी टिकत नाही, निऱ्या घसरतात. प्रेमिला कमरेशी एक गाठ मारते. विसर्जनापर्यंत साडी हलत नाही, आणि मग टोक ओढलं की लगेच सुटते. दुसऱ्या कोणाला ती गाठ अजून जमलेली नाही.

प्रेमिला मोबाइलवर टोपणनावानं गोष्टीही लिहिते. नवरा-बायकोच्या, शेजघरातल्या. हे आम्हाला यंदाच कळलं. एका गोष्टीत बायको नवऱ्याचे हात ओढणीनं बांधते. ती गाठ प्रेमिलानं इतकी नीट लिहिली होती की तिसऱ्या मजल्यावरच्या काजलनं वाचताक्षणी ओळखली. काजलनं इमारतीतल्याच यमुताईंना सांगितलं, आणि यमुताईंनी सगळ्यांना.

दुसऱ्याच दिवशी प्रेमिला आमच्या दारात उभी राहिली.

"काकू, यंदा दुसरी कोणी पाहा. मी नेसवली तर तुमच्या इथं कोणी जेवायले येणार नाही."

माझ्या बायकोनं, देवकीनं, विचारलं, "तू लिहिलं ते खरं हाय का वं?"

"काही खरं, काही मनचं. कोणतं कोणतं, ते नाही सांगणार."

देवकी हसली, पण हो किंवा नाही म्हणाली नाही. महालक्ष्म्या माझ्या घराण्याच्या. ती मला म्हणाली, "तुम्ही वाचून पाहा, मग सांगा."

मी वाचली. आवडली असं म्हणता येणार नाही. या वयात अवघडायला झालं. पण वाईट काय घडलं ते शोधायला गेलो तर सापडेना. हात बांध असं नवराच म्हणतो. बायको दोनदा विचारते. गाठीचं टोक त्याच्याच मुठीत देते, नको वाटलं तर ओढ म्हणते. तो ओढत नाही. सकाळी दोघं चहा पितात आणि तो डबा घेऊन कामावर जातो.

संध्याकाळी यमुताई आल्या.

"देवकीबाई, ज्या गाठीनं देवी उभी राहते त्याच गाठीनं नवरा बांधला तिनं. तिचा हात देवीले लावू देता का?"

"तुमच्या सिरियलमधली सून रोज दुधात विष कालवते, यमुताई. ते तुम्ही चहा घेऊन पाहता."

"ते खोटं असते."

"मग हे काहून खरं?"

यमुताई माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, तुम्ही तरी सांगा."

चार माणसांत मला बोलता येत नाही. तरी म्हणालो, "मी वाचली. त्यात कोणावर जबरदस्ती नाही. दोघं जाणती आहेत, त्यांच्या घरात आहेत. प्रेमिलाच नेसवेल."

"तुम्ही वाचली?"

"पूर्ण."

यमुताई चहा न घेताच उठल्या.

प्रेमिलानं साडी नेसवली. जेवायला बहुतेक सगळ्या आल्या, काजलसुद्धा. यमुताई आल्या नाहीत. त्यांचं ताट घरी पाठवलं, ते झाकलेलंच परत आलं. देवकीला ते लागलं. विसर्जन झाल्यावर मात्र तिनं प्रेमिलाला थांबवलं आणि पुढच्या वर्षीचं सांगून ठेवलं.