अंगठी घेऊन मांडवापुढून
गाडीत गरम, जळका वास आला की मला साळीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आठवतं. नवरदेवाची अंगठी घेऊन मी आणि साळा यवतमाळहून बोरी अरबला निघालो. गाडी माझी, पण चालवत तोच होता. गाव जवळ आलं आणि धुराच्या फिल्टरचा पिवळा दिवा लागला. यानंच ट्रॅक्टरच्या ड्रममधलं डिझेल भरलं असणार, असा मला पक्का संशय. "भाऊजी, जळका वास आला का तुम्ही गाडी बंद करता काय?" "मंग? जळू देऊ गाडी?" "अजी, फिल्टर काजळी जाळून राह्यला असतो! दर वेळी मधीच गाडी बंद करून तुम्हीच तुंबवला. आता दिवा विझेपर्यंत पळवाची, थांबाचं नाही." मांडवापुढून आम्ही भरधाव गेलो, हात दाखवणारे पाहुणे पाहतच राहिले. दारव्ह्याजवळ दिवा विझला. परतलो तर नवरदेवाचा मामा माझ्याकडेच पाहत म्हणाला, "पहिले अंगठी पाहा, खरी हाय का!" आजही सासुरवाडीत दागिना आणायला मला नाही, साळ्यालाच पाठवतात.