काचेमागचे आकडे

नंदुरबारच्या स्टेशनाजवळ मोटार वाइंडिंगचं दुकान असलेला हा माणूस बिघडलेल्या यंत्राला आधी विचारतो, "काय दुखस तुले?" मग जळकी कॉइल नाकाशी धरून वास घेतो. पूर्वी यात्रांमधून फिरवलेला स्वतःचा जुना पिनबॉल त्याने यंदा उघडला होता. लोखंडी गोळी उडवायची, ती आदळली की घंटी वाजते आणि काचेमागची आकड्यांची चाकं फिरतात. येता-जाता मी ते काम बघायचो.

काल काम संपवून तो म्हणाला, "व्हयनं." मी कौतुकाने नवा डाव सुरू करायच्या बटणाकडे हात नेला, तर त्याने माझं मनगट धरलं. "नका, भाऊ. बटन दाबं की आकडा पुसाई जातस. हाऊ मन्ही पोरना शेवटला डाव शे."

मुलगी वारल्याचं मला ठाऊक होतं. आकड्यांचं नव्हतं.

चहा घेऊन आलेल्या त्याच्या बायकोने हे ऐकलं. "मुकंच ठेवनं व्हतं तं कसाले दुरुस्त करं?" म्हणत तिने बटण दाबलं. खडखडत सगळी चाकं शून्यावर आली. तो स्टुलावर बसून रडू लागला. ती मात्र डाव संपेपर्यंत खेळत राहिली.