तोआ पायोह ते नोव्हेना, दोन तास चौदा मिनिटं

मार्चमधल्या एका मंगळवारी माझे सासरे सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी सिंगापूरमधल्या तोआ पायोह स्टेशनात शिरले आणि अकरा वाजून सव्वीस मिनिटांनी नोव्हेना स्टेशनातून बाहेर पडले. या वेळा त्यांच्या प्रवासाच्या कार्डाच्या नोंदीतल्या आहेत. दोन्ही स्टेशनं एकमेकांना लागून आहेत. गाडीला तीन मिनिटं लागतात.

त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. दर मंगळवारी दहा वाजता नोव्हेनाच्या एका रुग्णालयात गुडघ्याच्या फिजिओथेरपीसाठी ते एकटे जात. त्या दिवशी सव्वादहाला माझ्या बायकोला रुग्णालयातून फोन आला की ते आलेले नाहीत. त्यांचा मोबाइल घरी चार्जरला लावलेला होता. ती ऑफिसमधून थेट नोव्हेनाला गेली आणि स्टेशनच्या गेटपाशी उभी राहिली. ते सरकत्या जिन्याने वर आले तेव्हा शर्ट खोचलेला होता, हातात रुग्णालयाची फाइल होती. त्यांनीच तिला विचारलं, "तू इथे कशी? आज रजा आहे का?"

इतका वेळ कुठे होता, या प्रश्नाला त्यांनी एकच उत्तर दिलं. जुन्या गाडीची वाट बघत होतो, ती आली तसा तिच्यात बसून आलो.

जुनी गाडी म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. १९८७ साली सिंगापूरमध्ये एमआरटी ही मेट्रो सुरू झाली तेव्हा पहिल्या गाड्या जपानमध्ये तयार होऊन जहाजाने आल्या होत्या. सहा डब्यांच्या, ॲल्युमिनियमच्या, कडक प्लॅस्टिकच्या बाकांच्या. रुळांच्या बाजूने जाणाऱ्या तिसऱ्या रुळातून त्यांना वीज मिळे. सासरे पुण्याहून त्या कामावर आले होते. डेपोत या गाड्यांच्या मोटारी आणि ब्रेक तपासणाऱ्या तुकडीत ते होते आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी त्याच गाड्या तपासल्या.

या गाड्या गेल्या काही वर्षांत सेवेतून काढून टाकण्यात आल्या आहेत. हे मी त्याच संध्याकाळी पुन्हा तपासलं. जेवताना माझ्या मुलीने त्यांना ते तिच्या सिंगापुरी इंग्रजीत सांगूनही टाकलं, "आजोबा, ओल्ड ट्रेन नो मोअर ऑलरेडी लाह."

"मला सांगतेस?" ते म्हणाले आणि त्यांनी आमटी वाढून घेतली.

प्रश्न होता तो त्यांनी यापुढे एकट्याने जायचं की नाही, हा. बायकोचं मत दुसऱ्याच दिवशी पक्कं झालं होतं. कोणीतरी सोबत हवं, नाहीतर टॅक्सी. त्यांचंही मत पक्कं होतं. हात धरून नेणार असाल तर मी फिजिओला जाणार नाही, गुडघा गेला तरी चालेल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. ते असं बोलले की तसंच करतात, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

एप्रिलमध्ये आम्ही तिघे नोव्हेनातच स्मृतीच्या आजारांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी आधी सासऱ्यांना नोकरीबद्दल विचारलं. पहिली गाडी धावली तो दिवस आठवतो का, असं विचारलं. ते वीसएक मिनिटं बोलले. मग डॉक्टरांनी कागदाकडे बघून विचारलं, तोआ पायोहनंतर कुठलं स्टेशन येतं?

"एकही नाही," ते म्हणाले. "गाडी तिथेच संपते."

आम्ही नोव्हेना स्टेशनच्या जवळजवळ डोक्यावर बसलो होतो. डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं.

लिफ्टमध्ये मला आठवलं की सुरुवातीला मार्गाचा जो पहिला तुकडा उघडला तो यो चू कांगपासून तोआ पायोहपर्यंत पाच स्टेशनांचाच होता. पुढचा भाग काही आठवड्यांनी सुरू झाला. त्या दिवसापुरतं त्यांचं उत्तर बरोबर होतं. पण प्रश्न त्या दिवसाबद्दल होता का? डॉक्टरांच्या मते नव्हता. मी तिथे होतो, शब्द ऐकले होते, तरी मला आता नक्की सांगता येत नाही.

डॉक्टरांनी घरच्यांकडून त्या मंगळवारचा लेखी वृत्तांत मागितला होता. बायकोने ते काम माझ्यावर सोपवलं. "तू आयुष्यभर हेच केलंस," ती म्हणाली. "त्या दोन तासांत काय झालं ते लिहून दे. मत नको. काय झालं तेवढंच."

मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर तेवीस वर्षं काढली आहेत. अशा वृत्तांताला दोन स्वतंत्र स्रोत लागतात. माझ्याकडे एक कार्ड होतं आणि एक साक्षीदार, आणि साक्षीदार सांगत होता ती गाडी आता अस्तित्वातच नव्हती. स्टेशनवरच्या कर्मचाऱ्यांना काही आठवत नव्हतं. बाकावर बसलेला म्हातारा माणूस लक्षात राहावा असं तिथे काही नसतं.

म्हणून एका गुरुवारी सकाळी मी त्यांना विचारलं की त्या दिवशी काय केलं ते मला दाखवाल का. "चला जावईबापू," ते म्हणाले. त्यांनी वहाणा बदलून बूट घातले. डेपोत जाताना घालत तसे.

तोआ पायोहच्या प्लॅटफॉर्मवर ते मधल्या बाकावर बसले आणि त्यांनी डोळे मिटले. भुयारी स्टेशनांत रूळ आणि प्लॅटफॉर्म यांच्यामध्ये काचेची दारं असतात, त्यामुळे मोटारीचा आवाज दबून येतो. गाडी सुटली की ते तिची जात सांगत. नव्या गाड्या सुटताना सूर चढवत जातात. पहिल्या गाड्या एकाच सुरात गुणगुणत सुटायच्या, कारण त्यांच्या मोटारींना वीज वेगळ्या पद्धतीने, तुकड्यातुकड्यांत तोडून दिली जाई. मी प्रत्येक गाडीचा दर्शनी भाग बघून पडताळत होतो. पहिल्या चारही त्यांनी बरोबर ओळखल्या.

मग मला एक शंका आली. गाडीची ओळख ती सुटताना पटते. म्हणजे ही जुनी, हे कळेपर्यंत ती गेलेली असणार. मग तिच्यात बसणार कसं? मी हे विचारल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"थांबतानाही कळतं," ते म्हणाले. "पण तेवढी खात्री नसते."

पाचवी गाडी आली. दारं उघडायच्या आत ते उठले. "ही आपली," असं म्हणून आत शिरले, मीही शिरलो. ती गाडी अगदी नवी होती. दारांच्या वर स्टेशनांचा उजळलेला नकाशा होता. त्यांनी दांडा धरला आणि मला हळू आवाजात सांगितलं की या दांड्यांचे स्क्रू पहिल्या वर्षी सैल व्हायचे, रोज पिळावे लागायचे. तीन मिनिटांनी ते नोव्हेनाला उतरले. त्यांना काही सांगावं लागलं नाही. योग्य जिना, योग्य दरवाजा, आणि चालायला माझ्यापेक्षा वेगात.

वृत्तांतात मी हे सगळं लिहिलं. घरी बायकोने तो दोनदा वाचला. "म्हणजे ते ठीक आहेत की नाहीत?" तिने विचारलं. मी म्हणालो की चार गाड्या बरोबर, एक चूक, आणि उतरायचं स्टेशन बरोबर. ती म्हणाली, "हे उत्तर नाही." खरंच नव्हतं.

मे महिन्यात डॉक्टरांनी तो कागद समोर ठेवून त्यांना विचारलं, त्या गुरुवारी तुम्ही कुठल्या गाडीने आलात?

"नव्या," ते म्हणाले. "जुन्या आता नाहीत ना."

मग जावयाला "ही आपली" असं का म्हणालात? "दोघांनी मिळून पकडली, म्हणून आपली," असं त्यांनी सांगितलं. डॉक्टर हसल्या. मीही हसलो असेन. मग डॉक्टरांनी मार्चमधल्या मंगळवारबद्दल विचारलं. दोन तास प्लॅटफॉर्मवर कशासाठी बसला होतात?

"दोन तास?" त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या बायकोकडे. "कोण बसलं होतं दोन तास?"

तिने त्यांना कार्डाची नोंद दाखवली. त्यांनी चष्मा वर करून ती दोनदा वाचली, आकडे बोटाने मोजले, आणि कार्डाच्या यंत्रात बिघाड असावा असं ते म्हणाले.

डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करायला सांगितलं. तोपर्यंत सोबत कोणीतरी असावं, असं त्यांनी लिहून दिलं. त्या संध्याकाळी बायको वडिलांच्या खोलीत बराच वेळ बसली होती. त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. बाहेर आल्यावर तिने एवढंच सांगितलं की बाबा फिजिओला जायला तयार आहेत, ती बरोबर जाईल, आणि हात धरणार नाही.

पुढच्या मंगळवारी ते दोघे नऊला निघाले. नऊ वाजून वीस मिनिटांनी तिचा मला नोव्हेनाच्या प्लॅटफॉर्मवरून फोन आला. तोआ पायोहला पहिली गाडी आली तेव्हा ती चढली. ते चढले नाहीत. ती वळेपर्यंत दारं बंद झाली होती. काचेतून ते तिला उभे असलेले दिसले, घाबरलेले दिसले नाहीत. मी परत जाऊ का, असं तिने विचारलं. थांब, असं मी म्हणालो. तिने फोन चालू ठेवला.

तिच्यासमोर दोन गाड्या आल्या आणि गेल्या. ते तिसरीतून उतरले.