कप्तानबाईंचं दुसरं तोंड

माझ्या नणंदेला स्टुडिओत सगळे ‘तोफ’ म्हणतात. मी वन्सं म्हणते. वय एकसष्ट, उंची बेताची, चालणं मांजरीसारखं, आणि आवाज असा की दोन मजले खाली फिरणारं कुत्रं आपोआप बसतं. सत्तावीस वर्षं हा आवाज त्या विकून खातात. साबणाच्या जाहिराती झाल्या, कार्टूनमधल्या चेटकिणी झाल्या. मोठ्या इस्पितळाच्या लिफ्टमध्ये ‘दारापासून दूर उभे राहा’ म्हणणाऱ्याही त्याच. गेली काही वर्षं व्हिडिओ गेममधल्या माणसांना आवाज देतात.

आमची दारं समोरासमोर. त्या, त्यांची मुलगी आणि अकरा वर्षांची नात असं तिघींचं घर. रेकॉर्डिंगच्या दिवशी वन्सं कानातलं, घड्याळ, सगळं काढून माझ्याकडे ठेवतात, कारण माइकला मनगटावरचं घड्याळसुद्धा ऐकू जातं. सळसळणारं कापड चालत नाही, रिकामं पोट चालत नाही (पोट गुरगुरलं की वाक्य परत), आणि तोंड चिकट वाटू लागलं की आंबट सफरचंदाची फोड खायची. मी एकदा सोबत गेले होते. भिंतींना गालिचे ठोकलेली खोली, पंखा बंद, आणि काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला. त्या मुलखावेगळ्या शांततेत माझ्या वन्संनी तोंड उघडलं आणि मी देवाचं नाव घेत बाहेर आले.

कारण त्यांची भूमिका होती एका चोरट्या मालाच्या जहाजावरच्या कप्तानबाईची. तीनशे चाळीस वाक्यं, त्यांतली शहाण्णव शिव्यांची.

“अगं, खलाशांवर ओरडतेय ती. ‘कृपया दोर ओढता का’ म्हणेल होय?” वन्सं म्हणाल्या.

“म्हणू नये. पण आमच्या कानांनी काय पाप केलंय?”

वाद आमचा जुना आहे आणि गोड आहे. खरी अडचण त्यांच्या घरातच होती. माझी भाची, म्हणजे वन्संची मुलगी, इस्पितळात नोंदणीच्या खिडकीवर बसते. रांग लांबली की लोक तिला वाटेल ते बोलतात. तिने आईला साफ सांगितलं होतं, “आई, दिवसभर शिव्या खाऊन येते. घरी तुझ्या तोंडून परत नको. तू कर तुझं काम, पण ते गेम या घरात लागणार नाहीत.” वन्संनी मान डोलावली. पण बारा गेममध्ये आवाज दिलेल्या बाईचं काम तिच्या मुलीने आणि नातीने एकदाही ऐकलेलं नव्हतं. नातीला विचारलं आजी काय करते, तर ती म्हणे, “लिफ्टमध्ये बोलते.” वन्सं हसायच्या. ते हसणं मला कळायचं.

म्हणून या वेळी कंपनीने ‘शिव्या चालू’ आणि ‘शिव्या बंद’ असं बटण द्यायचं ठरवलं, तेव्हा वन्सं उड्या मारत आल्या. “वहिनी, ज्याला हवं त्याने ऐकावं, ज्याला नको त्याने बंद करावं! टेबलावर मीठ ठेवल्यासारखं. कुणाच्या पानात बळजबरीने ओतायचं नाही आणि डबीही लपवायची नाही.” मला पटलं. एरवी त्यांचं मला सहसा पटत नाही.

पण बटण केलं कसं, तर शिवी आली की ‘टूंऽ’ वाजायचं. सुकाणूवाला जहाज शत्रूला विकतो आणि कप्तानबाई त्याला फाडून खातात, हा सगळ्यात मोठा प्रसंग. चाळीस सेकंदांत अकरा टूं. गेम तपासून बघायला बोलावलेली माणसं तिथे पोट धरून हसली. वन्संचा चेहरा उतरला.

“मी बाई आहे की मागे सरकणारा ट्रक?” त्यांनी रेकॉर्डिंगवाल्याला विचारलं.

“तोफताई, साहेबांचं ठरलंय. बटणच काढून टाकायचं. शुक्रवारनंतर गेममध्ये काही बदलता येणार नाही.”

“आज सोमवार आहे. मला शहाण्णव वाक्यं परत म्हणू दे. शिव्या नाहीत, पण राग तेवढाच. पडद्यावर तिचं तोंड जेवढं हलतं तेवढ्यातच बसवते, तुला चित्राला हात लावावा लागणार नाही.”

“आणि शब्द? लेखक सुट्टीवर आहे.”

“शब्द माझ्या समोरच्या दारात राहतात,” वन्सं म्हणाल्या.

तिथून त्या थेट माझ्याकडे आल्या. “वहिनी, तुझी वही दे.”

मी रोज रात्रीच्या प्रार्थनेआधी वही लिहिते. दिवसात कोणावर चिडले, काय वाकडं बोलले, ते जसंच्या तसं लिहायचं आणि देवाची क्षमा मागायची. वीस वर्षांचा रिवाज आहे. घरात कुणाला दाखवत नाही, पण वन्संना ठाऊक होतं.

“वन्सं, ती देवाशी बोलायची वही आहे.”

“देव वाचून विसरला असेल. मला शुक्रवारपर्यंत हवी आहे.”

दिली. काय करणार? त्या वाचत बसल्या आणि खो खो हसत सुटल्या. नळवाल्याला मी ‘नतद्रष्ट्या’ म्हटलेलं, नवऱ्याला ‘घुम्या’, शेजारणीला मनातल्या मनात ‘टवळी’, विमेवाल्याला ‘मेल्या, तुझा मुडदा बसो’. “अगं, तू तर माझी गुरू निघालीस! आणि मला इतकी वर्षं जीभ धुवायला सांगत होतीस!”

“मी शिव्या देत नाही,” मी ठसक्यात म्हटलं. “हे नुसतं बोलणं आहे.”

मग दोन दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर कारखाना चालला. वन्सं हातात घड्याळ धरून बसायच्या. ‘खापरतोंड्या’ एका सेकंदाच्या वर जातं, जिथे कप्तानबाई जेमतेम ओठ उघडतात तिथे मावत नाही. तिथे ‘मेल्या’. जिथे तोंड मोठं उघडतं तिथे शेवटी ‘आ’ हवा. माझे यजमान पेपर वाचता वाचता म्हणाले, “इतकी वर्षं हे मी एकटाच ऐकत होतो. आता जग ऐकेल.” त्यांना चहा उशिरा मिळाला.

बुधवारी रेकॉर्डिंग झालं. रेकॉर्डिंगवाला म्हणे, “ताई, हे मूळच्यापेक्षा जास्त लागतंय.” वन्सं फुलून घरी आल्या आणि पहिल्यांदाच मुलीला म्हणाल्या, “ऐकशील? एकही घाण शब्द नाही.” भाचीने फोन कानाला लावला. मी शेजारीच उभी. सुकाणूवाल्याचा प्रसंग संपला तसा तिने फोन खाली ठेवला.

“मामी, हे शब्द तुझे?”

“हो,” मी म्हटलं. जरा ताठच होते.

“मुडदा बसो. वाटोळं होवो. तिरडी उठो. खिडकीवर मला शिव्या देतात ना, त्या नुसत्या घाण असतात गं, येतात नि जातात. पण मागच्या महिन्यात एका बाईने मला ‘तुझ्या घरात मरण येवो’ म्हटलं, ते मी अजून विसरले नाही. तिने एकही वाईट शब्द वापरला नव्हता. हे मी माझ्या मुलीला ऐकवू?”

मी वीस वर्षं ही वाक्यं लिहून क्षमा मागत आले, पण ती चिडल्याबद्दल. शब्द स्वच्छ आहेत म्हणून मी निर्धास्त होते. विमेवाला आपलं पोट भरायला दारात आला होता आणि मी त्याचं मरण मागितलं होतं.

“किती वाक्यं आहेत अशी?” वन्संनी विचारलं.

मी मोजली. चौदा.

“उद्या गुरुवार आहे. लागू या.”

हेच वन्संचं मला आवडतं. दुसरी एखादी मुलीवर रुसली असती, नाहीतर तिने माझ्यावर खापर फोडलं असतं. त्यांनी पेन्सिल घेतली, चौदा वाक्यं खोडली आणि मुलीलाच टेबलावर बसवलं. “तुला काय लागतं ते तुला माहीत आहे. सांग, सुकाणूवाल्याला काय बोलू?”

भाचीने थोडा विचार केला. “शाप नको. त्याने काय केलं तेच त्याला सांग. खिडकीवर मला कधी कधी वाटतं ना, समोरच्याला फक्त दाखवावं की बघ, तू आत्ता काय केलंस.”

त्यातून ते वाक्य निघालं : ‘ज्या हाताला धरून मी तुला सुकाणू शिकवलं, त्याच हाताने जहाज विकलंस, करंट्या!’ वन्संनी घड्याळ लावून तीनदा म्हटलं. चौथ्यांदा म्हणाल्या तेव्हा घड्याळाकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

गुरुवारी चौदाही वाक्यं पुरी झाली. शुक्रवारी तीच तपासणारी माणसं परत बसवली, आणि त्या प्रसंगाला एकही हसला नाही. बटण राहिलं. साहेबांनी वन्संना बोलावून म्हटलं, यापुढे प्रत्येक गेमला दोन्ही तोंडं एकदमच रेकॉर्ड करायची. वन्संनी दोन्ही तोंडांचे पैसे सांगितले. तेही ठरले.

गेम आला त्या रविवारी सकाळी मी त्यांच्याकडेच होते. भाचीने स्वतः बटण ‘बंद’वर नेलं आणि रिमोट मुलीच्या हातात दिला. जहाज दिसलं, दोर ताणले गेले, आणि कप्तानबाई गरजल्या. नात गर्रकन वळली. “आजी! ही तू आहेस?”

“मग काय लिफ्ट आहे?” वन्सं म्हणाल्या.

दुपारपर्यंत पोरगी जागची हलली नाही. मग ती खेळाच्या वर्गाला गेली. खोलीत आम्ही तिघीच उरलो. वन्सं टीव्ही बंद करायला उठल्या, तर भाचीने त्यांचा हात धरला.

“थांब. आता शिव्या चालू कर.”

“तुला नकोत ना?”

“खिडकीवर लोक मला देतात त्या फुकटच्या. तू इतकी वर्षं घासून केलेलं काम मी ऐकलंच नाही. मला ऐकायचंय, सगळं.”

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले. “तुम्ही ऐका. मी पलीकडच्या खोलीत बसते,” म्हटलं, आणि दार माझ्या मागे नीट लावून घेतलं. जप सुरू केला. भिंतीतून शब्द कळत नव्हते. मायलेकी मात्र इतक्या मोठ्याने हसत होत्या की माझी दोनदा मोजणी चुकली, आणि दोन्ही वेळा मी आनंदाने पहिल्यापासून सुरुवात केली.