घरून नेलेलं फडकं

गिटार माझ्या हातातून घेतली की साहेब आधी ती पुसायचे. मगच मांडीवर घ्यायचे. पिवळं फडकं होतं त्यांचं. तारा पुसायच्या, मान पुसायची, माझा दंड टेकला असेल ती कडही पुसायची. माझ्या डोळ्यांदेखत. आणि मी गाढव, शेजारी बसून हेसुद्धा शिकून घेत होतो.

सत्तर सालानंतरची गोष्ट. चिंचवडच्या एका कंपनीत मी लेथ मशीनवर टर्नर होतो. कंपनीच्या क्लबात ऑर्केस्ट्रा होता. ड्रॉइंग ऑफिसचे एक साहेब पहिल्या पाळीनंतर गिटार शिकवायचे. शिकणारे आम्ही दोघंच. अकाउंट्समधला किरण आणि मी. मी काळेवाडीचा, बौद्धाचा पोरगा. लोक नाव विचारायचे, मग आडनाव विचारायचे, आणि मग काहीच विचारायचे नाहीत.

सूर कुठं सापडतात त्याचा गिटारीवर एक नकाशा असतो. साहेब त्याला घर म्हणायचे. मानेवरच्या चार-पाच पडद्यांच्या आत बोटं ठेवायची, वर जायचं, खाली यायचं. एक घर पक्कं झालं की त्याला लागून दुसरं. अशी पाच घरं जोडता आली की गाण्याच्या मधला पीस माणूस स्वतःच्या मनानं वाजवतो. कंपनीच्या वार्षिक गॅदरिंगला तो पीस कोण वाजवणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दुसरं काही सुचत नव्हतं.

किरणला दोन महिन्यांत पाचही घरं दाखवली. मला एकच. "तुझं हेच पक्कं कर." आठ महिने पक्कं करत होतो. पण बघायला कोण अडवणार? किरणची बोटं बघून घ्यायची, घरी जाऊन सागवानी पट्टीवर पेन्सिलीनं सहा तारा नि पडदे आखायचे, त्यावर बोटं फिरवायची. आवाज नाही, काही नाही. तरी पाचही घरं पाठ केली.

आणि अक्कल बघा माझी. साहेबांचं फडकं मळलं म्हणून मी आईला सांगितलं, नवं शिवून दे. तिनं जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा काढला, कडा दुमडून शिवल्या. मी तो क्लबात नेला. "साहेब, तारा पुसायला आणलंय." साहेब म्हणाले, "हुशार आहेस." मी खूश.

आईला सगळं कौतुकानं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबवून म्हणाली, "व्हय रं, समद्यांच्या मागं पुसतो का त्यो?"

बघितलंच नव्हतं मी कधी.

दुसऱ्या दिवशी बघितलं. किरण कँटीनमधून भजी खात आला. बोटं पँटीला पुसली न पुसली, गिटार घेतली. एका घरातून दुसऱ्या घरात जाताना नेहमीसारखा चुकला. तारांवर तेल चमकत होतं. साहेबांनी गिटार तशीच घेतली, वाजवूनही दाखवली. मग माझी पाळी. मी वाजवलं. पाचही घरं फिरून आलो, एकदाही चुकलो नाही. साहेबांनी हात पुढं केला. फडक्याकडं. माझ्या आईनं शिवलेल्या फडक्याकडं.

"साहेब, किरणच्या मागं पुसली नाहीत."

"अरे, तू मशीनवरचा माणूस. हाताला तेल असतं."

"तेल त्याच्या हाताला आहे. भज्यांचं. मी साबणानं हात धुऊन येतो."

किरण खाली बघायला लागला. साहेब हसले. "तुम्ही लोक ना, प्रत्येक गोष्टीत जात आणता."

जातीचं नाव मी काढलंच नव्हतं.

गिटार खुर्चीवर ठेवली. फडकं उचलून खिशात घातलं आणि निघालो. गेटपर्यंत मागं वळून बघितलं नाही. रागानं नाही, लाजेनं. गावात आईबापाच्या मागं लोक पाणी शिंपडायचे. पण ते पाणी आईबापानं स्वतः घरून नेलं नव्हतं. मी फडकं नेलं होतं.

गॅदरिंगच्या आदल्या दिवशी किरण माझ्या लेथपाशी आला. "भावा, मला काही तो पीस जमत नाही. साहेब म्हणतात, एकदा सॉरी म्हण. पीस तुलाच देतो."

मला तो पीस हवा होता. खोटं कशाला बोलू? क्षणभर तोंडाशी आलंही होतं, की म्हणून टाकू, काय जातं आपलं. मग मशीन बंद केलं.

"साहेबांना सांग, सॉरी त्यांनी म्हणायचं. चारचौघांत. मग वाजवतो."

साहेबांनी सॉरी म्हटलं नाही. गॅदरिंगला तो पीस गाळला, गाणं नुसतंच म्हटलं. मी मागं उभा राहून ऐकलं आणि माझी बोटं आपोआप हलायला लागली, तेव्हा मूठ आवळून धरली. ज्याला माझा हात चालत नाही, त्याच्यासाठी हा हात वाजणार नाही. एक सूरसुद्धा नाही.