आबांचा नवा तांदूळ

तळेगावच्या एका कारखान्यात मी खरेदी खात्यात होतो. कामगारांची ने-आण करणाऱ्या दोन बस आबांच्या होत्या. आबा कान्ह्याजवळचे शेतकरी. भात झोडून झाला की इंद्रायणी तांदळाची पहिली पिशवी देवापुढे आणि दुसरी आमच्या घरी, ही त्यांची रीत. ज्याच्याशी व्यवहार त्याच्या ताटात आपला भात, इतकाच त्यात भाव. कंपनी जर्मन होती. पुरवठादाराकडून काहीही घेणार नाही, अशा कागदावर माझी सही होती, आणि भात मी आवडीने खात होतो.

मग जर्मनीहून नवे साहेब आले. आबांनी मला विचारलं, यंदा त्यांनाही पिशवी द्यावी का. बसचा करार त्याच महिन्यात संपत होता. हे लाच वाटेल, असं स्पष्ट सांगायला हवं होतं. पण वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर तसं कसं म्हणायचं? शिवाय मग माझ्या घरच्या पिशव्यांचं काय? मी म्हणालो, "आबा, कंपनीत चालत नाही हो."

आबांनी सरळ अर्थ घेतला. रविवारी नवी साडी नेसलेल्या आपल्या बायकोला घेऊन ते लोणावळ्याला साहेबांच्या बंगल्यावर गेले आणि दारात दहा किलो तांदूळ ठेवून आले.

साहेब वाईट नव्हते. त्यांच्याकडे पुरवठादाराने दिलेलं कॅलेंडरसुद्धा वहीत नोंदवून ठेवतात, आणि इथे माल गुपचूप घरी आला होता. सोमवारी त्यांनी मला समोर बसवून विचारलं, पूर्वी कधी असं झालंय का?

मी म्हणालो, माझ्या माहितीत नाही.

त्यांनी विश्वास ठेवला, याची मला आजही लाज वाटते. करार दुसऱ्याला गेला, आणि पिशवी परत करायचं काम माझ्याकडे आलं. दारी आलेलं अन्न आमच्याकडे कुणी परत करत नाही. मी केलं. गेटजवळच्या बाकावर आबा ती मांडीवर घेऊन बसले.

"सायेब, तुमीच म्हनला, कंपनीत चालत न्हाई. म्हून घरी नेला. माजं चुकलं कुटं?"

मी नियमांचं काहीतरी बोललो. पुढे दोन्ही बस विकल्याचं कानावर आलं. भेटायला जाण्याचं धाडस माझ्यात नव्हतं.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर दाराची बेल वाजली. आबा उभे होते, जरा वाकलेले, हातात तीच कापडी पिशवी.

"आता आपला काय बी येव्हार न्हाई, सायेब. आता घ्याया हरकत न्हाई ना?"

टोमणा असता तर सोसला असता. पण ते खरंच विचारत होते. बायकोने चहा टाकला, आबांनी मुलांची चौकशी केली. खरं काय घडलं ते सांगायला माझ्याकडे चांगला अर्धा तास होता.

मी पिशवी आत नेऊन ठेवली.