पोत्यातले दोन गुंड

माझ्या चेहऱ्यात काहीतरी आहे. पोलिसांनी तो पाहिला की त्यांना लगेच ओळख वाढवावीशी वाटते. नाकाबंदी असो, बसस्टँड असो, की बँकेबाहेरची सावली; सगळे पुढे निघून जातात आणि शिट्टी माझ्यासाठी वाजते. ऑफिसातला एक सहकारी पुष्कळदा सोबत असतो. त्याला आजवर कोणी काही विचारलेलं नाही. मला विचारून झालं की पोलीस त्याच्याकडे वळतात खरे, पण ते माझ्यापासून त्याला काही त्रास नाही ना, एवढंच पाहायला.

मागच्या उन्हाळ्यात आईला तिच्या लग्नातले दोन पितळी गुंड दुरुस्त करून हवे होते. आमच्याकडे पाणी भरायच्या मोठ्या भांड्याला गुंड म्हणतात. एकाचं बूड गळत होतं, दुसऱ्याचा काठ चेपला होता. इतवारीच्या भांडेबाजारातल्या कारागिराने दोन्ही नीट करून, घासून लखलखीत करून दिले. ते पोत्यात घालून मी स्कूटरवर पायाशी ठेवले, आई मागे बसली आणि आम्ही गल्लीबाहेर पडतो न पडतो तोच एक मोटरसायकल आडवी आली. वर साध्या कपड्यांतला धिप्पाड माणूस.

"पोलीस. पोत्यात काय आहे?"

"दोन गुंड," मी म्हणालो. सवयीने खरं बोलतो मी.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मीच तिसरा.

पोतं उघडून दाखवलं. मग त्याने आडनाव विचारलं, राहतो कुठे ते विचारलं. आडनाव आणि वस्ती, दोन्ही ऐकल्यावर त्याची शंका फिटली. म्हणजे खात्रीच झाली.

"बिल?"

"आईच्या लग्नातले आहेत, साहेब."

त्याने गुंड फिरवून काठावर कोरलेलं नाव वाचलं. माझं आधार कार्ड तोवर त्याच्या हातात होतं. "हे नाव तर कार्डावर नाही."

"ते माझ्या आजोबांचं. आईच्या वडिलांचं."

"त्यांचं आधार आहे?"

"ते वारले. त्यांच्या वेळी आधार नव्हतं."

"मग आम्ही समजायचं कसं?"

तपासात अशी खोली आली की आरोपीलाही आदर वाटू लागतो. मी काहीतरी नम्र बोलणार, एवढ्यात मागून आई उतरली. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. आता गुडघे दुखतात, पण आवाज अजून वॉर्डातलाच आहे.

"तुमचं कार्ड दाखवा."

"माझं?"

"हो, तुमचंच. तुमचेच साहेब आमच्या वस्तीत सभा घेऊन सांगून गेले. साध्या कपड्यातला माणूस पोलीस म्हणून अडवत असन तर पहिले कार्ड मागा. हे असेच लोक म्हाताऱ्या बायांचे दागिने काढून राहिले म्हणे."

त्या सभेत आई पहिल्या रांगेत बसली होती. सभेतलं ऐकून कोणी तसं वागेल, अशी खात्याची अपेक्षा नसावी.

त्याने शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचा, मग मोटरसायकलची डिकी. "मावशी, कार्ड घरी राहिलं."

"मग आम्ही समजायचं कसं?" आई म्हणाली.

भांडेवाल्यांच्या दुकानांतून माणसं बाहेर येऊन उभी राहिली. हातगाडीवाल्याने गाडी टेकवली. "चला ठाण्यात," तो तावातावाने म्हणाला. आई म्हणाली, "चला. आम्ही तेच म्हणून राहिलो."

अशा रीतीने एका संशयिताने दुसऱ्याला ठाण्यात नेलं. कोणी कोणाला, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

ठाण्यातल्या अंमलदार बाई मान वर न करता म्हणाल्या, "काय गा, आज कोणाले आणलं?"

"यानं आम्हाले नाही आणलं," आई म्हणाली. "हा तुमचा आहे का, ते विचाराले आलो."

बाईंनी मान वर केली, त्याला वरपासून खालपर्यंत निरखलं, उगाचच थोडा जास्त वेळ घेतला. "आमचाच आहे, मावशी."

त्याच्यासाठी आजोबांचा दाखला लागला नाही. माझं कार्ड परत मिळालं, गुंड परत मिळाले, "सहकार्याबद्दल धन्यवाद"ही मिळालं. आईने गुंडांवर कुठे ओरखडा पडला का, ते तिथेच उजेडात धरून तपासलं.

परत येताना मी मनातल्या मनात आईच्या मिरवणुका काढत होतो. तेवढ्यात मागून तिचीच थाप खांद्यावर पडली. "थांब जरा."

रस्त्याकडेला उसाच्या रसाची गाडी होती. आई बाकावर बसली. ग्लास तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"भेव वाटलं?" मी विचारलं.

"नाही तं काय?" तिने ओठावरचा फेस पदराने पुसला. मग म्हणाली, "तुझ्या बाबाले असेच अडवत. मिलमधून येताना. डबा उघडून पाहत."

हे मला माहीतच नव्हतं. "बाबा काय म्हणायचे?"

"काहीच नाही. घरी आले की हातपाय धुवायचे आणि जेवायले बसायचे. मीही कधी विचारलं नाही."

रसवाल्याने आणखी हवा का म्हणून विचारलं. आईने ग्लास पुढे केला.